नवी ‘लॉस्ट इन स्पेस’: काय जमलं, काय फसलं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मे महिन्याची सुट्टी लागली की ओळखीच्या घरांतून एकच विचारणा होते: “सगळ्यांनी एकत्र बसून बघता येईल असं काहीतरी सांग ना.” गेली काही वर्षं मी ‘लॉस्ट इन स्पेस’चं नाव सांगते आणि आठवड्याभरात तेच लोक प्रश्न घेऊन परत येतात. कोणी खूश असतं, कोणी वैतागलेलं. सारखे येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कथेतल्या काही गोष्टी उत्तरांत आधीच कळतील. मोठे धक्के मात्र शेवटच्या काही प्रश्नांत ठेवले आहेत आणि तिथे तशी सूचनाही आहे.

ही नेमकी कोणती मालिका? या नावाच्या दोन-तीन आहेत ना?

हो, म्हणून आधी ते स्पष्ट करू. पहिली अमेरिकेतल्या सीबीएस वाहिनीवर सप्टेंबर १९६५ ते मार्च १९६८ या काळात आली. निर्माता अर्विन अॅलन, ८३ भाग, पहिला सीझन कृष्णधवल. त्यानंतर १९९८ साली चित्रपट आला. त्यात गॅरी ओल्डमन डॉ. स्मिथ झाला होता. अमेरिकेत सलग १५ आठवडे पहिल्या क्रमांकावर ठाण मांडून बसलेल्या ‘टायटॅनिक’ला या चित्रपटाने खाली खेचलं. त्यापलीकडे त्याची फारशी आठवण काढायचं कारण नाही. २००४ मध्ये जॉन वूच्या दिग्दर्शनाखाली नव्या मालिकेचा नमुना भाग तयार झाला, पण ती मालिका उभीच राहिली नाही.

इथे बोलतोय ती नेटफ्लिक्सची. पहिला सीझन एप्रिल २०१८, दुसरा डिसेंबर २०१९, तिसरा डिसेंबर २०२१. भाग अनुक्रमे १०, १० आणि ८. मॅट साझामा आणि बर्क शार्पलेस यांनी ती नव्याने रचली आणि झॅक एस्ट्रिनने मालिकेची सूत्रं सांभाळली.

जुनी पाहिलेली नसेल तर चालेल का?

बिनधास्त चालेल. आपल्याकडे ती पाहिलेली माणसं तशीही मोजकीच. जुनी माहीत असेल तर अधूनमधून गालात हसायला मिळेल, एवढाच फरक. उदाहरणार्थ, नव्या मालिकेत खऱ्या डॉ. स्मिथची ओळख एक बाई चोरते. तो खरा स्मिथ झालाय बिल ममी, म्हणजे १९६५ मधला छोटा विल रॉबिन्सन.

गोष्ट थोडक्यात सांगता येईल?

साल २०४६. आकाशातून काहीतरी येऊन आदळल्यानंतर पृथ्वीवर राहणं अवघड झालंय आणि निवडक कुटुंबांना ‘रेझोल्यूट’ या महाकाय यानातून अल्फा सेंटॉरीच्या वसाहतीकडे पाठवलं जातंय. चोविसाव्या तुकडीत रॉबिन्सन कुटुंब आहे: आई मॉरीन, वडील जॉन, मुली ज्युडी आणि पेनी, धाकटा विल. वाटेत हल्ला होतो, प्रत्येक कुटुंब आपापल्या ‘ज्युपिटर’ नावाच्या छोट्या यानातून निसटतं आणि रॉबिन्सन मंडळी एका अनोळखी ग्रहावर बर्फात आदळतात. तिथे विलला एक परग्रहावरचा रोबो भेटतो. पुढे सगळं ‘आता इथून निघायचं कसं?’ याच एका प्रश्नाभोवती फिरतं.

आडनाव रॉबिन्सनच का, असंही एकाने विचारलं होतं. योहान डेव्हिड वीस यांच्या १८१२ सालच्या ‘स्विस फॅमिली रॉबिन्सन’ या कादंबरीतून ही कल्पना आली. निर्जन बेटावर अडकलेलं कुटुंब उचलून अंतराळात ठेवलं, एवढंच.

सगळ्यात मोठी जमेची बाजू कोणती?

घर. हे घर खरं वाटतं.

पहिल्याच भागात यान कोसळायला लागतं तेव्हा ही पाच माणसं पत्ते खेळत असतात, वजनरहित अवस्थेत. आई-वडील एकमेकांशी जरा जास्तच सभ्यपणे बोलतायत, हे दोन-चार संवादांतच लक्षात येतं. मग कळतं की हे दोघं वेगळे व्हायच्याच बेतात होते. जॉन लष्करी कामगिरीवर वर्षानुवर्षं बाहेर, घर एकट्या मॉरीनने ओढलेलं. ज्युडी मॉरीनच्या आधीच्या नात्यातली मुलगी. त्यावरून कोणी भाषण ठोकत नाही, पण ती गोष्ट मागे सतत जाणवत राहते. पेनी मधली. मोठी हुशार, धाकटा लाडका, मग आपण कोण, असा तिचा सूर. तीन भावंडांच्या घरात वाढलेल्या कोणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही.

मॉरीनची भूमिका करणारी मॉली पार्कर या मालिकेचा कणा आहे. जुन्या मालिकेतल्या मॉरीनलाही जीवरसायनशास्त्रातली डॉक्टरेट दिली होती, पण तिच्या वाट्याला आली ती कपडे धुण्याची आणि जेवण वाढण्याची कामं. नवी मॉरीन अभियंता आहे, निर्णय तिचे असतात आणि चुकाही तिच्याच असतात. अंतराळात जायला प्रत्येकाने परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. विल ती होत नाही आणि ही शिस्तप्रिय बाई पोराच्या निकालात गुपचूप फेरफार करवून घेते. चक्क वशिला! ते बघताना आमच्या घरात दोन तट पडले. “आई आहे, करणारच” म्हणणारे एकीकडे, आणि ज्यांच्या जागा अशाच वशिल्यापायी गेल्या होत्या ते दुसरीकडे.

ज्युडीचंही सांगायला हवं. पहिल्या भागात ती यानाचे बॅटरी संच काढायला पाण्यात उडी घेते आणि भोवतालचं पाणी गोठून बर्फात अडकते. सुटका होते. एरवीच्या मालिकांत पुढच्या भागात असं पात्र टुणटुणीत झालेलं असतं. इथे ज्युडीला नंतरही त्या प्रसंगाची धडकी भरते आणि ती ते घरच्यांपासून लपवते. एकदा घडलेलं पुढच्या भागातही लक्षात ठेवणं ही साधी बाब, पण कुटुंबासाठी बनवलेल्या मालिकांमध्ये ती दुर्मीळच.

मग खटकतं काय?

ही मालिका गप्प बसू शकत नाही.

बर्फ झालं की वणवा, वणवा झाला की वादळ, वादळ संपलं की डांबराच्या खड्ड्यात गाडी रुतलेली. आगीतून फुफाट्यात हा वाक्प्रचार इथे अक्षरशः पटकथेची चौकट झालाय. सुरुवातीला श्वास रोखला जातो. सहाव्या-सातव्या भागापर्यंत मात्र कळून चुकतं की दोन माणसं मनातलं बोलायला लागली की तिसऱ्या वाक्याला धोक्याची घंटा वाजणार. मग संवादाकडे लक्षच राहत नाही, घंटेची वाट बघितली जाते.

याची उलटी बाजूही तितकीच खटकते: संकटाच्या ऐन मध्यात लोक मन मोकळं करायला बसतात. घड्याळात चार मिनिटं उरलेली आणि नवरा-बायको जुन्या भांडणाचा हिशेब काढतायत. माझ्या सासूबाईंनी पहिल्या भागात जे म्हटलं ते मी अजून विसरलेले नाही: “अगं, ती पोर तिकडे बर्फात गोठलीये आणि हे बोलत काय बसलेत?” नंतर तिन्ही सीझनभर हे वाक्य आमच्याकडे म्हणीसारखं वापरलं गेलं.

गंमत म्हणजे लेखकांना शांत प्रसंग लिहिता येतात. पेनी आणि विल एकमेकांची टिंगल करतात ते, किंवा मॉरीन आणि जॉन त्या रुतलेल्या गाडीत कोंडलेले असताना त्यांच्यात हळूहळू जुनी सलगी परत येते तो भाग. प्रेक्षक चॅनल बदलेल ही भीती लेखकांना आहे असं वाटत राहतं. ज्यांनी असं घर उभं केलं त्यांनी ही भीती बाळगायचं काही कारण नव्हतं.

डॉ. स्मिथ सहन होत नाही. ती अशीच असणार आहे का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. तुम्ही एकट्या नाही.

पार्कर पोझी ही भूमिका करते. जुन्या मालिकेतला जोनाथन हॅरिसचा स्मिथ आधी घातपात करणारा हेर होता, पुढे तो भित्रा, रडका, विनोदी होत गेला आणि लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. नवी स्मिथ म्हणजे जून हॅरिस ही भुरटी बाई. आधी सख्ख्या बहिणीचं सोंग घेऊन यानात शिरते, मग हल्ल्याच्या गोंधळात जखमी डॉक्टरची ओळख उचलते. हातात शस्त्र नसतं. समोरच्याचं दुखरं ठिकाण हेरायचं, सहानुभूतीच्या आवाजात त्यावर बोट ठेवायचं, ही तिची रीत. पोझीने ते फार बारकाईने केलंय. अर्धवट हसू, वाक्य मध्येच सोडणं, डोळ्यांतली पळवाट. अशी गोड बोलून काटा काढणारी माणसं आपल्या नात्यागोत्यात, कचेरीत असतातच, म्हणून ती जास्त झोंबते.

दोष तिच्या अभिनयात नाही. दोष तिच्याभोवतीच्या शहाण्या माणसांना पटकथेच्या सोयीसाठी बावळट केलं जातं यात आहे. ती खोटी आहे हे कळलेलं असतं, तिला कोंडलेलं असतं, तरी कोणीतरी दार उघडतंच. पहिल्या सीझनच्या उत्तरार्धात मला टीव्हीशी भांडावंसं वाटलं. दुसऱ्यात ती बदलते, निदान बदलू पाहते, आणि तिथून ती मला आवडायला लागली. थोडा धीर धरा.

रोबो कसा आहे? तो ‘डेंजर, विल रॉबिन्सन’ म्हणणारा?

तोच आणि वेगळाही. जुना रोबो रॉबर्ट किनोशिता यांनी आखलेला, काचेच्या डोक्याचा, लवचीक नळ्यांसारख्या हातांचा. आत बॉब मे हा नट असायचा आणि आवाज डिक टफेल्डचा. तो पृथ्वीवरचा होता, कुटुंबाबरोबरच निघालेला. आणि ते जगप्रसिद्ध वाक्य ८३ भागांत त्याने त्याच शब्दांत फक्त एकदा म्हटलं आहे! लोकांच्या तोंडी मात्र ते कायमचं बसलं.

नवा रोबो परग्रहावरचा. चेहऱ्याच्या जागी काच आणि तिच्यामागे ठिणग्यांचं आकाश हलत असतं. बोलतो मोजकंच. संतापला की त्याचे दोनाचे चार हात होतात. ब्रायन स्टील हा उंचापुरा नट पोशाख घालून ही भूमिका करतो, त्यामुळे विल झालेल्या मॅक्सवेल जेन्किन्सच्या समोर खरोखर काहीतरी उभं असतं. पोराची नजर बरोबर जागी जाते. नुसत्या संगणकावर काढलेल्या प्राण्यांशी बोलणारी मुलं कशी भलतीकडे बघतात ते आठवा, म्हणजे फरक कळेल.

पण खरी ताकद त्याच्या दिसण्यात नाही. विल त्याला वणव्यातून वाचवतो आणि तो विलचं ऐकायला लागतो. शेजारपाजारच्या मोठ्यांना लगेच त्याच्याकडून कामं करून घ्यायची असतात. विलला तो मित्र वाटतो, पण मित्र आहे तर तो ‘नाही’ म्हणू शकतो का? हा प्रश्न अकरा वर्षांच्या पोराच्या तोंडून येतो आणि पुढे दुसऱ्या सीझनमध्ये मोठ्यांच्या गळ्याशी येतो. माझ्या लेखी या मालिकेने जुन्या कल्पनेत घातलेली सगळ्यात मोलाची भर हीच.

विज्ञान कितपत खरं आहे?

अर्धं पाठ्यपुस्तक, अर्धी सोय. मुलांबरोबर बघताना तर यातच मजा आहे, म्हणून थोडं विस्ताराने सांगते.

ज्युडीभोवतीचं पाणी बघता बघता गोठतं. खऱ्या तळ्यात हे असं होणार नाही. शून्य अंशावरच्या एक किलो पाण्याचा बर्फ करायला सुमारे ३३४ किलोज्यूल उष्णता काढून घ्यावी लागते. तेवढी उष्णता काढली तर ८० अंशांचं कढत पाणी शून्यावर येईल. शून्याखाली जाऊनही न गोठलेलं, म्हणजे अतिशीत पाणी असतं आणि ते धक्का लागताच झटकन गोठू लागतं, हे खरं. पण उणे २० अंशांचं पाणी घेतलं तरी त्या क्षणी त्याचा साधारण चौथा हिस्साच बर्फ होईल. मिळेल तो बर्फाचा गोळा-सरबत, दगडी लादी नव्हे.

तिला सोडवायला मॅग्नेशियम जाळायची युक्ती निघते. शाळेत मॅग्नेशियमची फीत जाळलेली आठवत असेल. डोळे दिपवणारा पांढरा उजेड. ती आच जवळपास ३००० अंशांची असते, तेव्हा बर्फ वितळणार हे नक्की. पण जळतं मॅग्नेशियम पाण्याशीही अभिक्रिया करतं आणि हायड्रोजन वायू सोडतं, जो स्वतःच पेट घेतो. आत माणूस अडकलेला असताना ही युक्ती करायला छाती हवी.

इंधनाचा भाग मात्र झकास. यानांचं इंधन ग्रहावरचे जीव पिऊन टाकतात, आणि पर्याय मिळतो तो तिथल्या उडणाऱ्या प्राण्यांच्या विष्ठेतून निघणाऱ्या मिथेनचा. हे ऐकून परदेशी प्रेक्षक चकित झाला असेल. आपल्याकडे गावागावांत गोबरगॅसच्या टाक्या बघितलेल्या माणसाला एवढंच वाटतं, की बरं झालं, कोणाला तरी सुचलं! शिवाय द्रवरूप मिथेनवर चालणारी रॉकेट इंजिनं आता प्रत्यक्षात उडतात, तेव्हा हे अगदीच हवेतलं नाही.

ग्रहाच्या सूर्याजवळ कृष्णविवर असणं, मॉरीनने ते फुग्यातून उंच जाऊन शोधणं, हे दृश्य म्हणून सुंदर. गणित विचारू नका.

अल्फा सेंटॉरी खरोखर आहे का? आपल्याकडून दिसतो?

आहे आणि दिसतो! आपल्याकडे त्याला मित्र म्हणतात, नरतुरंग तारकासमूहातला. रात्रीच्या आकाशातला तिसऱ्या क्रमांकाचा तेजस्वी तारा. मेच्या अखेरीस रात्री अकराच्या सुमारास थेट दक्षिणेकडे बघा. पुण्याहून तो क्षितिजापासून जेमतेम १०-११ अंश वर येतो, कोल्हापुराहून १२-१३, गोव्याहून आणखी थोडा. नागपूरकरांना दक्षिणेला इमारत नसलेलं मैदान गाठावं लागेल. पाऊस लवकर आला तर राहिलंच.

अंतर ४.३७ प्रकाशवर्षं. नासाच्या व्हॉयेजर १ या यानाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला १७ किलोमीटरने, निघालात तर पाऊण लाख वर्षं लागतील. रेझोल्यूट एवढ्या झटपट कशी जाते याचं उत्तर मालिकेत आहे आणि ते कथेच्या गाभ्याशी जोडलेलं आहे. खाली त्यावर बोलू.

ते धर कुटुंब भारतीय आहे ना?

हो, भारतीय वंशाचं. व्हिक्टर धर, प्रीशा आणि मुलगा विजय. व्हिक्टरची भूमिका रझा जाफरी या ब्रिटिश नटाने केली आहे. हा माणूस वसाहतीचा पुढारी. गोड बोलणारा, स्वतःच्या कुटुंबाची जागा आधी पक्की करणारा, अंगाशी आलं की समिती नेमणारा. बघताना कोणाची आठवण येईल ते मी सांगायची गरज नाही. त्याला निव्वळ खलनायक केलेलं नाही, ही चांगली गोष्ट. घाबरलेला बाप म्हणून तो पटतो. विजय आणि पेनीचं कोवळं प्रकरण बरं आहे, गोड आहे, तेवढंच.

बाकी वसाहतवाले मात्र पुठ्ठ्याचे. एवढ्या यानांत एवढी कुटुंबं, पण तिसऱ्या सीझननंतर मला त्यातली चार नावंही आठवत नव्हती. अपवाद डॉन वेस्ट. यंत्रं दुरुस्त करणारा, चोरटा माल नेणारा, आणि डेबी नावाच्या कोंबडीला जिवापाड जपणारा. इग्नासिओ सेरिकिओने त्याला जो हलकेपणा दिलाय त्याच्याशिवाय पहिला सीझन गुदमरला असता. आमच्या घरी रोबोपेक्षा डेबीची चौकशी जास्त व्हायची.

कितव्या वर्षापासूनच्या मुलांना दाखवावी?

माझ्या मते आठ-नऊच्या पुढे, आणि शेजारी मोठं माणूस हवं. रक्तपात नाही, शिव्या नाहीत, चॅनल बदलावा असं काही नाही. भीती मात्र आहे, आणि ती कोंडलं जाण्याची, बुडण्याची, आई-वडिलांपासून तुटण्याची आहे. माझा नऊ वर्षांचा भाचा ज्युडी बर्फात असताना उठून स्वयंपाकघरात गेला आणि तिथूनच “निघाली का? निघाली का?” विचारत राहिला. अकरा वर्षांची त्याची ताई जागची हलली नाही. तुमचं मूल कुठल्या जातकुळीचं, ते पहिल्या वीस मिनिटांत कळेल.

भाग फार लांब आहेत. कसे बघावेत?

पाऊण तास ते तास. सलग बघू नका, हा माझा आग्रह आहे. संकटांची रांग एकापाठोपाठ बघितली की बोथट होते. रोज जेवणानंतर एक. पूर्वी मालिका आठवडाभर थांबायला लावायच्या, ते हिच्या पथ्यावर पडलं असतं.

दिसायला, ऐकायला कशी आहे?

देखणी. बरंचसं चित्रीकरण कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात झालंय, तिथलं बर्फ आणि जंगल परग्रह म्हणून सहज खपून जातं. दृश्य परिणामांसाठी २०१८ आणि २०२० साली एमीची नामांकनं मिळाली. पुरस्कार दुसऱ्यांनी नेले. संगीत ख्रिस्तोफर लेनर्ट्झचं, आणि त्यात जुन्या मालिकेची जॉन विल्यम्सची धून मिसळलेली आहे. होय, ‘स्टार वॉर्स’चं संगीत देणारे तेच विल्यम्स, प्रसिद्धीच्या कितीतरी आधीचे. तेव्हा श्रेयनामावलीत ‘जॉनी’ विल्यम्स असायचे.

दुसरा सीझन पहिल्यापेक्षा चांगला आहे का? *(इथून पुढे कथेतले धक्के उघड होतील.)*

माझ्या मते हो, थोड्या फरकाने. सुरुवातीला रोबो नाही. कुटुंब सात महिने समुद्राकाठच्या विषारी हवेच्या ग्रहावर मका पिकवतंय. मग ज्युपिटरला शिडं लावून त्याचं गलबत करतात आणि विजेच्या लोळांकडे हाकारतात! दर्यावर्दी साहसाचा तो एक भाग मला अख्ख्या मालिकेत लाडका आहे.

त्याहून महत्त्वाचं, इथे मालिका स्वतःच्या पायाला हात घालते. ज्या इंजिनावर रेझोल्यूट तारे ओलांडते ते माणसांनी बनवलेलंच नाही. ते परक्यांकडून घेतलेलं, खरं तर लुबाडलेलं आहे, आणि ते चालवायला एक रोबो डांबून ठेवलेला आहे. म्हणजे पहिल्या सीझनमध्ये ज्याला आपण हल्ला समजत होतो ती मालकाने आपलं परत घ्यायला मारलेली धाड होती. विलने पहिल्या सीझनमध्ये आपल्या रोबोला कड्यावरून चालत जायला सांगितलं होतं आणि तो गेला होता. ते आठवून आता जास्त टोचतं.

उणी बाजू: हेस्टिंग्ज हा अधिकारी. कारण योग्य, माणूस सपाट. आणि रोबोंना नेमकं काय हवंय हा प्रश्न पुढे ‘ते धावून येतायत, पळा’ इतकाच उरतो. एवढा मोठा नैतिक पेच मांडून मग दार लावून पळ काढावा तसं.

शेवट मात्र धाडसी. ९७ मुलं एका यानात, त्यांची कप्तान ज्युडी, आई-बाप मागे. कुटुंबाच्या मालिकेने कुटुंबच तोडून दाखवलं.

तिसऱ्यात मुलं एकदम मोठी कशी झाली? आणि घाई का वाटते?

दोन सीझनमध्ये दीड-दोन वर्षांचं अंतर पडलं की विलला मिसरूड फुटणारच. कथेत एक वर्षाची उडी दाखवून ते सावरलंय, पण पहिल्या सीझनमधल्या पोराचा निरागस हट्ट आता किशोराच्या तोंडी तसाच ठेवल्याने तो कधीकधी कृत्रिम वाटतो.

घाई आठच भागांमुळे. मुलांनी आई-वडिलांशिवाय वर्ष कसं काढलं? स्वयंपाक कोण करायचं, भांडणं कोण मिटवायचं, रात्री रडणाऱ्या लहानग्यांना कोण निजवायचं? मालिकेतली सगळ्यात रसाळ गोष्ट हीच होती, आणि ती बरीचशी पडद्यामागे घडून गेलेली आहे. त्याऐवजी मिळतात धावपळ, स्फोट आणि ज्युडीच्या हरवलेल्या वडिलांची, ग्रँट केलीची भेट. ती भेट चांगली लिहिली आहे. नवा बाप मिळाला म्हणून जुना पुसला जात नाही, हे जॉन झालेल्या टोबी स्टीफन्सने फारसं न बोलता दाखवलंय.

जुनी मालिका कुठल्या बाबतीत सरस आहे का?

आहे. तिला स्वतःवर हसता यायचं. तिसऱ्या सीझनपर्यंत तिचा पार तमाशा झाला होता. एका भागात भाजीपाल्याचं बंड होतं आणि बोलणारं गाजर येतं! पण रॉबिन्सन, स्मिथ आणि रोबो एकमेकांना वाट्टेल ते बोलत नुसते बसलेत, असे निवांत प्रसंग तिच्यात भरपूर होते. नव्या मालिकेला पैसा, तंत्र, अभिनय सगळं जास्त मिळालं. हा निवांतपणा तेवढा तिच्या वाट्याला आला नाही.

गोष्ट पूर्ण होते की अर्धवट सोडली आहे? चौथा सीझन येणार का?

पूर्ण होते. तिसरा सीझन शेवटचा, हे आधीच जाहीर झालं होतं, त्यामुळे लेखकांना गाठी सोडवायला वेळ मिळाला. चौथ्याची वाट बघू नका.

फक्त एकच भाग बघून ठरवायचं असेल तर?

पहिलाच. पत्त्यांपासून सुरू होतो, बर्फ, वणवा आणि रोबो सगळं एका तासात उरकतो. मालिकेचं जे काही बरंवाईट आहे ते त्यात आलंय. घरातलं कोणी ज्येष्ठ बरोबर असेल तर त्यांना ज्युडीचा प्रसंग सुरू व्हायच्या आधी चहा देऊन ठेवा. मधे उठवणार नाही.